सांगलीत सकाळी नाश्त्याला लागणारी ती नूडल्सची गाडी खरंच जाण्यासारखी आहे का?

प्रश्न वाचला. पुण्याहून रविवारी येताय, सोबत बायको आणि सहा वर्षांची मुलगी. रीलवर आमच्याकडची 'खपली नूडल्स'ची गाडी पाहिलीत, आणि आता सकाळी सकाळी नूडल्स खाव्यात की सरळ मिसळ गाठावी, किती वाजता जावं, मुलीला चालेल का, असं विचारताय.

जावा की. फक्त तिथं जे मिळतं त्याला माझ्यासमोर नूडल्स म्हणू नका. ते खपली गव्हाच्या शेवयांचं उप्पीट आहे. उप्पीट म्हणजे तुमच्या पुण्याचा उपमा.

गाडीचं नाव लिहीत नाही. रील पाहिलीत म्हणजे तुम्हाला ते माहीत आहे, आणि सांगलीत ते कुणाला सांगायची गरज नाही.

मी काही अशा रांगा लावून खाणारी बाई नाही. मला तिथं नेलं आमच्या ताईंनी. ताई म्हणजे माझी थोरली नणंद. एका रविवारी पहाटे फोन आला, "अगं, आवरून ये. तुला एक युनिक खायला घालते." ताई आपण होऊन मला खायला घालणार म्हटल्यावर आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर काढली, यावरून काय ते समजा.

साडेसातला पोचलो तर पंचवीस-तीस माणसं आधीच उभी. कॉलेजची पोरं, नरसोबाच्या वाडीपर्यंत सायकल मारून आलेले घट्ट कपड्यांतले काकालोक, आणि दोन-तीन जणी नुसत्या शूटिंग करायला आलेल्या. छोट्या टेम्पोचा मागचा पत्रा उघडून केलेली गाडी. दोन कढया धडधडतायत, शेजारी आधणाचं पातेलं, त्यात जाळी बुडवून नूडल्स काढायच्या आणि कढईत फेकायच्या. वर बोर्ड: 'खपली नूडल्स. मैदा नाही, ग्लूटेन नाही.' त्यातल्या दुसऱ्या वाक्याकडे नंतर येते.

चाळीस मिनिटं उभ्या होतो. मग प्लेट आली. तांबूस, जाडसर शेवया. मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, परतलेला कांदा, नावापुरता कोबी आणि गाजर, कांदा-लसूण चटणी, वरून दाण्याचं कूट, लिंबू, कोथिंबीर. मी एक घास खाल्ला आणि ताईंकडे बघितलं.

"कसं आहे? युनिक आहे की नाही?"

"ताई, हे शेवयाचं उप्पीट आहे."

"नाही गं, नूडल्स आहेत. बोर्ड वाच की."

आता तुम्हाला २००३ सालात न्यावं लागणार.

माझ्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. मिरजेत कुणाचं तरी लग्न होतं आणि ताईंच्या सासरची सात-आठ माणसं आमच्याकडे गावभागातल्या घरी मुक्कामाला होती. सकाळी बघते तर पोह्यांच्या डब्यात तळाला दोन मुठी. मग मी शेवयांचा डबा काढला. त्या शेवया त्याच उन्हाळ्यात मी आणि सासूबाईंनी घरी केलेल्या. तुपावर गुलाबी भाजल्या, आधणातून काढून गार पाण्याखाली धरल्या, उडदाची डाळ-मिरची-कढीपत्त्याची फोडणी केली, कांदा, थोडे दाणे, वर ओलं खोबरं. ताटल्या भरून बाहेर नेल्या. ताईंनी ताटलीत बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, आजाऱ्याला देतात ते पाहुण्यांपुढं ठेवतेस होय?"

पाहुणे हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. ताईंनी मग आमच्या ह्यांना पिटाळून मिसळ मागवली. पैसे अर्थात आमच्याच ह्यांनी दिले. सासूबाईंनी मात्र मिसळीला हात लावला नाही. दोनदा उप्पीट मागून घेतलं. बोलल्या काहीच नाहीत, पोटची लेक होती ना ती त्यांची.

त्या दिवसापासून आमच्या घरात शेवयाच्या उप्पीटाचं नाव 'आजाऱ्याचं' असं पडलं. लहान पोरंसुद्धा विचारायची, मामी, आज आजाऱ्याचं केलंय का? आता ज्यांनी शेवया करणं कधी पाहिलं नाही त्यांना यात लागण्यासारखं काय आहे ते कळणार नाही, म्हणून सांगते.

माझं माहेर वाळवा तालुक्यातलं. आजी शेवयांना खपलीच वापरायची, दुसऱ्या गव्हाला हात लावू द्यायची नाही. खपली नुसती मळणी करून सुटत नाही, टरफल दाण्याला घट्ट धरून बसतं, म्हणून ती कांडून घ्यावी लागते. नावही त्या टरफलावरूनच पडलं म्हणतात. कांडलेल्या गव्हाला पाण्याचा हात लावून रात्रभर दडपून ठेवायचं, सकाळी सावलीत सुकवायचं, दळायचं, मग चाळून रवा वेगळा, कोंडा वेगळा, आणि तलम कापडातून गाळलेलं सपीट वेगळं. मळलेलं पीठ तिंबायचं, म्हणजे अक्षरशः बडवायचं, हाताला घट्टे येईतो. मग अंगणात लाकडी पाट तिरका लावायचा. एक बाई वर बसून तळहाताखाली पीठ सरकवत तार खाली सोडणार, दुसरी ती बोटांवर झेलून काठीवर टाकणार. वैशाखातल्या उन्हात हे काम दुपारपर्यंत चालायचं. तार तुटली की आजी वरून नुसती बघायची. बोलायची नाही, आणि त्या बघण्याची जास्त भीती वाटायची.

पुढे मशीन आलं. पितळी, बाजेच्या काठाला आवळून बसवायचं, आणि दांडा फिरवायला आम्ही पोरं. मशीनच्या शेवयांना आजी 'दोऱ्या' म्हणायची आणि त्यांची खीर खायची नाही. गव्हले, मालत्या, नखुल्या, बोटव्या हे तर लग्नाच्या रुखवतातलं काम, एकेक दाणा बोटांनी वळायचा. आपल्याकडच्या बायका हे सगळं शेकडो वर्षं करत आल्या आणि पोरांना सांगायला गेलं तर म्हणतात, ओह, म्हणजे पास्ता!

असो. तर ते 'आजाऱ्याचं' तसंच राहिलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. गावभागात २००५ चा पूर पाहिलेली माणसं होती, तीही म्हणत होती की एवढं येत नाही. आलं. आम्ही घर सोडलं तेव्हा मी कागदपत्रं घेतली, दागिने घेतले, सासूबाईंच्या गोळ्या घेतल्या आणि शेवयांचा पाच किलोचा डबा घेतला. हे माझ्यावर ओरडले, "पाणी दारात आलंय आणि तुला शेवया सुचतायत?" आम्ही ताईंकडे गेलो. त्यांचं घर उंचावर, तिकडं पाणी आलं नव्हतं. पण शहरात दूध मिळेना, भाजी मिळेना, आणि घरात माणसं अकरा. आठ दिवस रोज सकाळी मी शेवयाचं उप्पीट केलं. आठ दिवस ताईंनी ते खाल्लं. मुकाट्यानं.

मी काही बोलले नाही. ज्यांच्या घरात आसरा घेतलाय त्यांना काय बोलायचं. पण मला वाटलं होतं, निदान ते नाव तरी आता जाईल. दिवाळीत गेले तर ताई हसत पाहुण्यांना सांगत होत्या, "पुरात आठ दिवस आजाऱ्याचं खाऊन काढले बाई आम्ही!"

त्यानंतरचा भाग भाच्याचा. ताईंचा मुलगा वुहानला मेडिकलला होता. जानेवारी २०२० मध्ये सुट्टीला आला तो इथंच अडकला. पुढची दोन-अडीच वर्षं मोबाइलवरच शिकला बिचारा. त्यानं आम्हाला सांगितलं की तिकडं सकाळचं खाणंच मुळी नूडल्सचं. वुहानमध्ये नूडल्स आधी उकडून, तेल लावून, पसरून ठेवतात. गिऱ्हाईक आलं की गरम पाण्यात बुचकळून काढायच्या, तिळाच्या वाटणात कालवायच्या आणि हातात द्यायच्या. लोक रस्त्यानं चालता चालता खातात. त्या पिठात खार घालतात, म्हणून नूडल्स पिवळसर आणि चिवट होतात. आपल्या पापडखाराचीच तऱ्हा. तेव्हा "सकाळी कुणी नूडल्स खातं का" असं नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ज्यांनी नूडल्स काढल्या तेच त्या सकाळी खातात. आपण संध्याकाळच्या चायनीजच्या गाड्यावर कोबी आणि लाल रंगात बघितल्या, म्हणून तो आपल्याला संध्याकाळचा पदार्थ वाटतो.

भाच्यानं एक व्हिडिओही दाखवला होता. चीनमधल्याच लान्झो शहरातला नूडल्सवाला. पिठाचा लोळा दोन्ही हातांनी ताणतोय, दुमडतोय, परत ताणतोय. एकाच्या दोन तारा, दोनाच्या चार, चाराच्या आठ. आठ वेळा दुमडलं की २५६ होतात, असं भाच्यानं हिशेब करून सांगितलं. सासूबाई तेव्हा होत्या. मोबाइल हातात घेऊन त्यांनी तो व्हिडिओ दोनदा बघितला आणि म्हणाल्या, "हा बाप्या शेवया करतोय की! ह्याच्या घरच्या बायका कुठं गेल्या?"

सगळे हसले. ताईसुद्धा. पण ताईंच्या लेखी तेव्हापासून नूडल्स हा शिकल्या-सवरल्या लोकांचा नाश्ता झाला, आणि शेवया राहिल्या आजाऱ्याच्या.

म्हणून त्या रविवारी हातात ती प्लेट घेऊन मी उभी होते तेव्हा माझ्या मनात काय चाललं असेल ते तुम्हीच बघा. प्लेटचे ऐंशी रुपये. अंडं घातलं की शंभर. ते ताईंनी दिले, हे खरं आहे, ते नाकारत नाही.

गर्दी जरा ओसरल्यावर मी गाडीवाल्या पोराशी बोलले. अठ्ठावीस-तिशीचा असेल, कवठेमहांकाळकडचा. शेवया तासगावच्या बाजूच्या बचत गटाच्या बायका करून देतात म्हणाला. मी विचारलं, "बाबा, हे उप्पीट आहे, मग नूडल्स कशाला लिहिलंस?" तो कढई हलवता हलवता म्हणाला, "काकू, पहिले दोन महिने बोर्डवर 'शेवयाचं उप्पीट'च होतं. तीस रुपये लावले तरी लोक म्हणायचे, हे काय, घरी मिळतंय की. नूडल्स लिहिलं, ऐंशी केले, रांग लागली."

मला त्या पोराचा राग आला नाही. त्याला पोट आहे, टेम्पोचा हप्ता आहे. ताई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकलं की नाही मला माहीत नाही, त्या लिंबू पिळत होत्या.

आता खाण्याबद्दल स्पष्ट बोलते. चव चांगली आहे. कांदा-लसूण चटणी घरची असावी, डब्यातली नव्हे, ते लगेच कळतं. दाण्याच्या कुटानं शेवयांचा कोरडेपणा जातो, ही युक्ती मला आवडली आणि मी ती घरी उचललीय. पण दोन दोष आहेत. एक, तेल फार. तळाशी लाल तेलाचं तळं राहतं. दोन, तो शेवया न भाजता आधणात टाकतो. खपलीच्या शेवयांना मैद्यासारखी ओढ नसते, न भाजता उकळल्या की बाहेरून मऊ पडतात, एकमेकींना चिकटतात आणि हलवताना तुटतात. आधी मंद आचेवर भाजून घेतल्या असत्या तर सुट्या राहिल्या असत्या. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला एवढ्या गर्दीत जमत नाही. अरे, आदल्या रात्री भाजून डबा भरून ठेव की! पंधरा दिवस काही होत नाही त्यांना.

आणि ते 'ग्लूटेन नाही'. साफ चूक. खपली हा गहूच आहे आणि गव्हात ग्लूटेन, म्हणजे पिठाला ओढ देणारं प्रथिन, असतं. खपलीतलं ग्लूटेन जरा दुबळं असतं, म्हणूनच तर शेवया तुटतात, पण असतंच. ज्यांना डॉक्टरांनी गहू बंद केलाय त्यांनी तो बोर्ड वाचून एक घासही खाऊ नये. हेही मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, पुसतो काकू. पुढच्या वेळी गेले तर बोर्ड तसाच. त्याच्या पुढच्या वेळीही तसाच.

हो, मी तीनदा गेलेय. नंतरच्या दोन्ही वेळा एकटी. तेवढं चुकीचं नाहीये ते.

मधुमेहाचंही तसंच. खपली साध्या गव्हापेक्षा बरी असं म्हणतात, आमचे हे तेवढं ऐकून दोन प्लेटी खातात. पण वाडगंभर शेवयांवर चार चमचे तेल ओतल्यावर गव्हाची जात काय कामाची? ज्याची साखर त्यानं मोजावी.

तुम्ही मिसळीचं विचारलंत. मिसळ तुम्हाला पुण्यातही मिळते, फक्त तिथली तुम्ही गोड करून ठेवलीय. आमच्याकडची खाऊन मुलगी रडेल. तेव्हा मुलगी बरोबर असताना मिसळीच्या भानगडीत पडू नका. गाडीवर 'चटणी वेगळी द्या' सांगितलं की तो पोरगा देतो, वाईट वाटून घेत नाही. जाताना भडंग घेऊन जा. ते पुण्यात मिळतं ते सांगलीचं म्हणून विकतात, पण इथलं इथंच ताजं.

आणि एक विचारते, राग मानू नका. तुमच्या घरी हे कुणी करतं का? तुमची बायको, आई, सासूबाई, कुणीही? करत असेल आणि तुम्ही सकाळी ताटली बघून "आज हे?" असं म्हणत असाल, तर सव्वादोनशे किलोमीटर गाडी मारून इथं येऊन त्याच गोष्टीसाठी रांगेत उभं राहायला तुम्हाला कुणी अडवणार नाही, पण घरी ज्या बाईनं ती भाजली तिला परत जाऊन एकदा सांगा की ऐंशी रुपयांची होती. बायकांना आपल्या हातच्या पदार्थाचा भाव कळत नाही असं पुरुषांना वाटतं. भाव चांगला कळतो. माझा हिशेब २००३ पासून चालू आहे.

इथं खाली कुणीतरी लिहीलच की एवढ्या जुन्या गोष्टी कशाला उगाळायच्या, नणंद-भावजयीचं चालायचंच. आमचे हेही तेच म्हणतात. ह्यांचं सगळ्याला एकच उत्तर, 'जाऊ दे'. ज्यांच्या ताटलीवर कुणी हसलं नाही त्यांना जाऊ द्यायला काय लागतं? बाकी ताई वाईट नाहीत. पुरात त्यांनी आम्हाला ज्या मायेनं ठेवलं ते मी विसरणार नाही. माझ्या बाळंतपणात पहिले पंधरा दिवस त्याच होत्या. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात आम्ही दोघींनी आळीपाळीनं रात्री काढल्या, आणि शेवटी शेवटी सासूबाईंना शेवयाची पातळ खीर सोडून काही जात नव्हतं, ती ताईच करायच्या. म्हणजे आजाऱ्याला देतात, हे त्यांचं बोलणं तसं खोटं नव्हतं. पण आजाऱ्याला आपण घरातलं सगळ्यात चांगलं देतो की नाही?

मागच्या महिन्यात ताईंचा फोन आला. "अगं, तुझ्याकडं त्या खपलीच्या शेवया असतील ना? अर्धा किलो दे. रोज रांगेत कुठं उभं राहायचं, घरीच नूडल्स करून बघते." मी एक किलो दिल्या. भाजून दिल्या. कशा करायच्या ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

तुमचं राहिलं. आठच्या आत पोचा, दहाच्या सुमाराला माल संपतो. गाडी रस्त्याच्या कडेला लावू नका, पुढच्या गल्लीत लावा, रविवारी तिथं जागा असते. मोबाइलवरून पैसे घेतो. सोमवारी बंद, आणि पाऊस जोराचा असला तर रविवारीही लावत नाही, तेव्हा जुलै-ऑगस्टात येणार असाल तर पोटाची दुसरी सोय ठेवून निघा. मुलीला अंड्याची प्लेट घ्या, त्यात तेल जरा कमी वाटतं.